दारं समोरासमोर, घरं मात्र अगदी वेगळी

"मॅडम, मुलगी अकरावीत आहे, समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाबरोबर तिचं काहीतरी चालू आहे, ती लोकं आमच्यापेक्षा अगदीच वेगळी आहेत, काय करू?" हा प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आई माझ्याकडे समुपदेशनाला येतेच. मुलीचं नाव वेगळं, बिल्डिंग वेगळी, पण आवाजातली भीती सेम. म्हणून एक केस जरा सविस्तर सांगते. दोन्ही घरांना विचारून सांगतेय, नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मुलीला मनू म्हणू आणि मुलाला जोएल. वसईतली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दारं. मनूची फॅमिली मूळची फलटणकडची, माळकरी. वडील महापालिकेत नोकरीला, दर आषाढात रजा टाकून लोणंद ते फलटण तरी चालतातच, घरात आजी, आई, वडील, काका-काकू, मनू आणि धाकटा भाऊ अशी सात माणसं वन बीएचकेमध्ये, संध्याकाळी सातला हरिपाठ म्हणजे हरिपाठ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. समोर जोएल, वसईतलेच कॅथलिक, वडील बोटीवर म्हणजे सहा-आठ महिने घरी नाहीत, मम्मी नर्स आणि आठवड्यातून तीन-चार नाइट शिफ्ट, हा एकुलता एक, बारावीत. रविवारी चर्च, फ्रिजमध्ये मासे, आणि बाकी आठवडाभर घरात एक माणूस आणि एक टीव्ही.

मनूची आई पहिल्यांदा आली ती मनूचा मोबाइल पदरात गुंडाळून. तीन महिन्यांचं चॅट वाचून झालं होतं तिचं. नऊ दिवस मनू कॉलेजला गेली नव्हती, म्हणजे पाठवलीच नव्हती, गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा आता काकू जायची. मामाकडे फलटणला पाठवायचं ठरत होतं, तिथल्याच कॉलेजात नाव घालायचं आणि वर्षा-दोन वर्षांत स्थळ बघायचं असंही कुणीतरी बोलून गेलं होतं. आणि काका म्हणत होते पोलिसात देऊ त्या पोराला.

मी आधी हे पोलिसांचं आणि स्थळाचंच घेतलं कारण रागात लोकं काय बोलतात याचा अर्थ त्यांना बरेचदा माहीत नसतो. मनू सोळाची, जोएल सतराचा. 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीच्या कायद्यात, अठराच्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत, म्हणजे तक्रार झाली की मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो आणि तुमच्या मुलीला जबाब द्यावे लागतात, कदाचित वैद्यकीय तपासणीला सामोरं जावं लागतं. जबरदस्ती झाली असेल, कुणी मोठा माणूस फसवत असेल तर तक्रार करायलाच हवी आणि अशा वेळी मी स्वतःही गप्प बसू शकत नाही, तसं कायदाच सांगतो. पण इथे दोन शाळकरी वयाची मुलं जिन्यात उभी राहून बोलत होती. आणि स्थळाचं म्हणाल तर अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हाच गुन्हा आहे. एवढं ऐकल्यावर मनूच्या आईने मोबाइल पदरातून काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा नीट बसली.

दुसऱ्या दिवशी मनू आली. एकटीला बसवलं. अशा मुली माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांची तयारी झालेली असते, हिने पण वाक्यं पाठ करून आणली असावीत, "आमचं तसं काही नाहीये" वगैरे. मी तिला स्पष्ट विचारलं की कुणी दबाव टाकलाय का, फोटो मागितलेत का, हात धरण्याच्या पुढे काही झालंय का. नाही म्हणाली, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की खरं बोलतेय. मग मी जोएलबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "त्याच्या घरात तुला काय आवडतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तिथे दार लावता येतं."

मी थांबले. तर मग ती बोलायलाच लागली. तिथे टेबल आहे, खुर्ची आहे, पुस्तक उघडं ठेवून पाणी प्यायला गेलं तर परत आल्यावर तिथंच असतं, कुणी विचारत नाही काय करतेयस, कुणाला सांगतेयस, का हसलीस. जोएलची मम्मी घरी असली की दोघांना चहा देऊन झोपायला जाते, रात्रभर ड्युटी केलेली असते बिचारीने. "मॅम, त्याने मला एकदा विचारलं तुला काय व्हायचंय. आमच्याकडे हे कुणी कधी विचारलंच नाही, मला काय व्हायचंय ते सगळ्यांना आधीच माहीत असतं."

आठवड्याने जोएल आला, मम्मीबरोबर. मम्मी रडत नव्हती, चिडलेली पण नव्हती, घाबरलेली होती. ती म्हणाली, "मॅडम, ते सात जण आहेत, माझा नवरा बोटीवर आहे, उद्या माझ्या मुलाला कुणी मारलं तर मी कुणाला हाक मारू?" तोपर्यंत खरं सांगायचं तर माझं लक्ष मुलीच्या घरच्यांच्या भीतीवर होतं, समोरच्या दाराआड पण तेवढीच भीती आहे हे त्या दिवशी लक्षात आलं. मग जोएलला एकट्याला तोच प्रश्न विचारला, मनूच्या घरात तुला काय आवडतं. तो लगेच म्हणाला, "रात्री सगळे एकत्र जेवतात ना, तो आवाज." ताटं मांडल्याचा, काका भावाला ओरडल्याचा, आजीच्या खोकल्याचा. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की हा आपलं दार थोडं उघडं ठेवून आत अभ्यासाला बसायचा. त्याचे अर्धे अभंग पाठ झाले होते आणि हे त्याने मनूलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो एकदा एकादशीला मनूच्या आजीसाठी सुकेळी घेऊन गेला होता, आमच्या वसईची ती राजेळी केळ्यांची सुकेळी, उपासाला चालतात म्हणून. आजीने त्याला आत बसवून दाण्याची आमटी खायला घातली होती. हे सांगताना त्याचा जो चेहरा होता ना तो मला अजून आठवतो.

तिला एक बंद होणारं दार हवं होतं आणि त्याला एक उघडं दार हवं होतं. ही दोघं एकमेकांवर प्रेम करत होतीच, ते खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, मोठी माणसं "हे काय प्रेमाचं वय आहे का" म्हणून उडवून लावतात ते मला पटत नाही, सोळाव्या वर्षी जे वाटतं ते पूर्ण खरं असतं. पण त्यांच्या प्रेमात एकमेकांची घरंही होती. जे आपल्याकडे नाही ते समोर होतं, दोन पावलांवर.

दोन पावलांवर असण्याचं पण महत्त्व आहे. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत एक अभ्यास झाला होता, 1950 मध्ये छापून आला, त्यात शेजारी शेजारी दारं असलेल्यांपैकी 41 टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून सांगितलं आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त 10 टक्क्यांनी. येता-जाता दिसणं, चप्पल घालताना बोलणं, यातूनच जवळीक होते. आणि या वयातल्या प्रेमाबद्दल एरिक एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की ते बरंचसं 'मी कोण' हे शोधणंच असतं, स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून, म्हणून ही मुलं एवढी बोलत बसतात. वाचायच्या आधी मनूच्या आईला वाटलं होतं तीन महिन्यांच्या चॅटमध्ये काय काय असेल, आणि त्यात होतं काय तर गणित की बायो, देव आहे का, पप्पा बोटीवरून फोन करतात तेव्हा काय बोलायचं सुचत नाही.

मनूच्या वडलांनी मला विचारलं होतं की विरोध केला की प्रेम वाढतं असं म्हणतात, म्हणून आम्ही काहीच बोलायचं नाही का? तसं म्हणतात खरं, 1972 सालच्या एका अभ्यासावरून ते पसरलं, पण 2014 मध्ये तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा तसं काही सापडलं नाही. माझा अनुभव विचाराल तर विरोधाने प्रेम वाढतं का ते मला माहीत नाही, खोटं बोलणं मात्र नक्की वाढतं. आणि मुलगी खोटं बोलायला लागली की उद्या खरंच कुणी तिला त्रास दिला तरी ती घरी सांगणार नाही, मला जास्त काळजी याची वाटते.

मग आम्ही सगळे एकदा बसलो. सोपं नव्हतं. मनूने वडलांना सरळ विचारलं, "तो ख्रिश्चन आहे म्हणूनच ना?" काका काहीतरी सारवासारव करायला लागले पण वडील म्हणाले, "हो, तेही आहे. माझ्या मनात ते आहे आणि मी तुला खोटं सांगणार नाही." मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. बहुतेक घरात याच जागी अभ्यासाचं कारण पुढे करतात आणि मुलांना ते बरोबर कळतं. मग ते मला म्हणाले, उद्या लग्न करतो म्हणाले तर? मी सांगितलं, मुलाला एकवीस पूर्ण व्हायला अजून चार वर्षं आहेत, तेव्हा ते दोघं कायद्याने मोठे असतील आणि तो निर्णय त्यांचा असेल, आज त्यांनी तुमच्याकडे लग्न मागितलेलंच नाही, आज ती फक्त कॉलेजला जाऊ द्या म्हणतेय.

कॉलेज दुसऱ्या दिवशीपासून सुरू. मामाकडे जाणं रद्द. बंद फ्लॅटमध्ये दोघांनी एकटं बसायचं नाही, पॅसेजमध्ये किंवा कुणी मोठं घरी असताना बोलायचं, लपून नाही. रात्री दहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि हे मनूनेच लावून धरलं की मग काकांचा आणि बाबांचा पण, तर तेही झालं, कुरकुर करत. मनूला जवळच्या अभ्यासिकेत जागा लावून दिली, महिन्याला थोडे पैसे, पण तिचं स्वतःचं टेबल. जोएलच्या मम्मीला शिफ्ट बदलून मिळाली नाही, ती म्हणाली मी ब्रेकमध्ये साडेनऊला व्हिडिओ कॉल करीन आणि दोघं एकदमच जेवू.

आणि आजी. तोवर एक शब्द बोलली नव्हती. उठता उठता म्हणाली, "ते पोर दाराआडून हरिपाठ ऐकतंय हे मला केव्हाचं ठाऊक हाय. आडून कशाला, आत येऊन बस म्हणावं. माझ्यासमोर बसला तर तुमाला बी दिसंल काय करतोय ते." कुणीच काही बोललं नाही. जोएलची मम्मी तेव्हा रडली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. काकू चार महिने समोरच्यांशी बोलत नव्हती, मनूने एकदा नियम मोडला, तिच्या आईचा फोन आला तेव्हा आवाज परत चढलेला, मग परत बसलो. पण त्या वेळी मनूने स्वतः सांगितलं होतं, कुणी पकडलं नव्हतं, हा फरक मी आईला दाखवला.

मागच्या महिन्यात मनूची आई धाकट्याच्या अभ्यासाची तक्रार घेऊन आली होती. जोएल हॉटेल मॅनेजमेंटला पुण्याला गेलाय. मनूची बारावी झाली. दोघांचं बोलणं हळूहळू कमी झालं, का ते कुणालाच नीट सांगता येणार नाही, भांडण वगैरे काही नाही. तो गेला त्या रात्री मनू गॅलरीत बसून रडत होती. "मी काही विचारलं नाही हो मॅडम," आई म्हणाली, "नुसती बाजूला जाऊन बसले. मग तिनेच डोकं टेकलं." जरा थांबून म्हणाली, "एकादशीला सुकेळी अजून येतात समोरून. आता त्याची मम्मी आणून देते."