समोर ब्लॉक असताना मारायचं कुठे?

प्रश्न : मी मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवतो. आमची चार नंबरवरची (नेटजवळ डावीकडची) स्मॅशर सरावात जोरात मारते, पण सामन्यात समोर दोघींचा ब्लॉक (नेटवर उंचावलेल्या हातांची भिंत) लागला की बॉल आमच्याच कोर्टात आपटतो. ताकदीचे व्यायाम वाढवावेत का?

उत्तर : ताकद पुरेशी दिसते, कमी आहेत ते पर्याय. आधी बाजूला उभे राहून तिचा हात बॉलला कुठे लागतो ते पाहा. उंच सेटवर (मारण्यासाठी वर दिलेल्या पासवर) मुली घाईने निघतात आणि थेट बॉलखाली पोहोचतात. बॉल डोक्यामागे गेला की खांदा अडकतो, लाइन, म्हणजे साइडलाइनला समांतर फटका, मारताच येत नाही. उरतो फक्त क्रॉस, म्हणजे तिरका फटका, आणि ब्लॉकर नेमका तोच बंद करतात. म्हणून सेटरच्या हातातून बॉल सुटून वर चढेपर्यंत तिला तीन मीटर रेषेच्या मागे, साइडलाइनच्या बाहेर थांबवा. उजव्या हाताची असेल तर शेवटची दोन पावलं उजवं-डावं, झपकन. बॉल मारत्या खांद्याच्या थोडा पुढे आणि हात पूर्ण ताणलेला हवा. रन-अप प्रत्येक फटक्याला तोच ठेवा. दिशा शेवटी खांदा आणि मनगट ठरवतील, नाहीतर बचावातल्या मुली तिच्या पावलांवरूनच फटका ओळखतात.

मग नजर. नेटपलीकडे बाकावर उभे राहा आणि ती उडी घेत असताना हात वर करून लाइन किंवा क्रॉस, एक बाजू बंद करा. तिने मोकळ्या बाजूला मारायचं. वीस बॉलांत निवड किती वेळा बरोबर आली एवढंच मोजा, जोर मोजू नका. सुरुवातीला बॉल नेटमध्ये जातील, कारण नजर बॉलवरून हटते. तेव्हा हात थोडे आधी दाखवा.

दोन्ही बाजू बंद असतील तर ब्लॉकच वापरायचा. चार नंबरवरून मारताना साइडलाइनकडच्या ब्लॉकरचा उजवा हात हे लक्ष्य. बॉल नेटला चिकटून आला असेल तर त्या हातावर दाबून बाहेरच्या बाजूला पुसून काढायचा. नेटपासून दीड-दोन मीटर मागे पडला असेल तर खाली मारण्याचा मोह सोडून ब्लॉकच्या बोटांवरून शेवटच्या रेषेजवळ मारायचा. सेट अगदीच वाईट असेल तर बॉल ब्लॉकवर हलकेच टेकवून परत घ्यावा. आपल्या संघाला पुन्हा तीन स्पर्श मिळतात, पण कव्हरला, म्हणजे ब्लॉकवरून परतलेला बॉल उचलायला, तिघी जवळ, गुडघ्यात वाकून हव्यात. बरेच संघ कव्हरचा सराव करतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : आमचे ड्रॉप (स्मॅशऐवजी हलकेच टाकलेले बॉल) प्रत्येक वेळी उचलले जातात. का?

उत्तर : हात आधीच मंदावतो म्हणून. कोपर वर आणि झेप पूर्ण स्मॅशसारखीच हवी, फरक फक्त शेवटच्या क्षणी बोटांत. बॉल हातात थांबला तर पंच फाउल देतात. शिवाय जागा बघा. एखादी खेळाडू ब्लॉकच्या मागेच उभी असेल तर ड्रॉप टाकूच नका, मागचे कोपरे मोकळे असतात. सगळ्या मागे पसरल्या असतील तर ब्लॉकमागे किंवा कोर्टाच्या मधोमध टाका. आणि त्यांची सेटर मागच्या फळीत असेल तर तिच्याच अंगावर टाका. पहिला स्पर्श तिचा झाला की दुसरा पास दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो.