माझे केस पातळ आहेत आणि घरी फक्त स्ट्रेटनर आहे. त्याने फुगीर कुरळे केस करता येतात का, की कर्लर घ्यावाच लागेल?

येतात. कर्लर घेऊ नका. स्ट्रेटनरच्या पट्ट्या अरुंद आणि बाहेरून कडेला गोलसर असतील, तर त्याच्या बटा कर्लरपेक्षा मोकळ्या आणि भरदार दिसतात, असं माझं ठाम मत आहे. ‘स्ट्रेटनरने केस सरळच व्हायचे’ हे वाक्य मी आमच्या वहिनींकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मावसबहिणीचं लग्न चिपळूणला होतं, मे महिन्यात. कोकणातला मे ज्यांनी काढलाय त्यांना हवेचं वेगळं सांगायला नको, पंख्याखाली बसूनही पदर अंगाला चिकटत होता. मुहूर्त सकाळचा, रिसेप्शन संध्याकाळी. वहिनींनी त्यांच्या ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंना कार्यालयातच बोलावलं होतं. ताईंनी दुपारी नवरीचे केस धुतले, कर्लरने बटा केल्या, भरपूर स्प्रे मारला आणि मोगऱ्याचा गजरा माळून त्या गेल्या. तेव्हा छानच दिसत होतं. संध्याकाळी पाहुणे यायला लागले आणि केस पार उतरलेले. मावशी रडवेली झाली.

मी केस हातात घेऊन बघितले. सगळ्यात आधी सपाट झाल्या होत्या त्या गजऱ्याखालच्या बटा. गजरा ओल्या फडक्यातून काढून तसाच माळला होता, त्याचं पाणी केसांत मुरलं होतं. आतले केस तर धुतल्यापासून नीट वाळलेच नव्हते. आणि ताई प्रत्येक बट गरम असतानाच बोटांनी मोकळी करत होत्या, हे मी दुपारी पाहिलं होतं. खटकलंही होतं, पण पार्लरवाल्यांना कोण सांगणार!

गरम केस वळतो, पण तो आकार धरतो गार होताना. केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक दुवे, उष्णतेने सुटतात आणि गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. पाण्यानेही तेच बंध सुटतात, म्हणून दमट हवेत बटा उतरतात. गरम बट सोडवली की ती लोंबत्या आकारातच गार होते, मग ती कर्लरने केलेली असो नाहीतर स्ट्रेटनरने.

मी गजरा काढला, ड्रायरने केस मुळापर्यंत वाळवले आणि बॅगेतला माझा स्ट्रेटनर लावला. बोटभर रुंदीची बट घ्यायची. माथ्यावरची असेल तर ती सरळ वर उभी धरायची, कारण फुगीरपणा मुळाशी येतो, शेंड्याशी नाही. मुळापासून दोन बोटं सोडून बट हलकेच पकडायची, स्ट्रेटनर चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला अर्धा फिरवायचा आणि तसाच फिरवलेला ठेवून एका चालीत शेंड्यापर्यंत सरकवत न्यायचा. मध्ये थांबलात की तिथे घडी पडते. खाली आलेली बट लगेच तळहातावर गुंडाळून मुळाशी चापाने अडकवायची. चाप कमी पडले तेव्हा मावशीच्या डब्यातले आकडे वापरले. सगळं डोकं हाताला गार लागल्यावर चाप काढले आणि फक्त बोटं फिरवली, कंगवा नाही. रिसेप्शन आटोपून मंडळी जेवायला बसली तरी केस जसेच्या तसे होते.

वहिनी आजही म्हणतात, ‘अगं, स्प्रेमुळे टिकलं ते.’ अहो, तोच स्प्रे, तोच डबा दुपारीही मारला होता! तेव्हा का नाही टिकलं? तुम्हालाही कुणी असंच सांगेल, म्हणून कार्यक्रमाच्या आधी एखाद्या दिवशी करून बघा. डावीकडच्या बटा चाप लावून गार होऊ द्या, उजवीकडच्या गरम असतानाच मोकळ्या करा. स्प्रे कुठेच मारू नका. तासाभराने दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि जमलं तर इथे उत्तराखाली टाका. मला तो वहिनींना दाखवायचाय.

तुमचे केस पातळ आहेत असं प्रश्नात लिहिलंय. मग १५० अंशांच्या आसपास सुरू करा. मध्यम केसांना १८० पुरतात, दाट-राठ केसांना २००. यंत्रावर २३० लिहिलंय म्हणून तिथवर नेऊ नका, केस जळतो. आधी हीट प्रोटेक्टंट (केसांना उष्णतेपासून जपणारा स्प्रे किंवा क्रीम) लावून तो सुकू द्या. आदल्या दिवशी धुतलेले केस ताज्या धुतलेल्यांपेक्षा वळण जास्त धरतात. तेल लावलेल्या केसांवर काहीच टिकत नाही, आणि तेलावर इतकी उष्णता देऊही नये.

केस रंगवलेले किंवा ब्लीच केलेले असतील तर उष्णता आणखी कमी ठेवा. रोज तर हे मुळीच करू नका. आणि ओल्या केसांना स्ट्रेटनर कधीच लावू नका. चर्र आवाज आला म्हणजे केसातलं पाणी उकळतंय. त्याने केसाच्या आत बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. तो भाग कापूनच टाकावा लागतो.