व्हीसीआरवर टीव्हीचे कार्यक्रम घरी कसे रेकॉर्ड करायचे? माळ्यावर सापडलेल्या कॅसेट आता चालतील का?

आधी माळ्यावरच्या मशीनवर लाल ठिपक्याचं ‘रेक’ बटण आहे का बघा. नसेल तर तो व्हीसीपी, नुसता दाखवणारा. आमच्या नाशकात रात्रभरासाठी टीव्हीसकट भाड्याने यायचे ते बहुतेक असेच.

आमच्याकडे पंचवटीत मामाने दुबईहून आणलेला आकाईचा व्हीसीआर होता. आई नर्स, रविवारी सकाळी हमखास ड्यूटी. त्यामुळे २ ऑक्टोबर १९८८ ला महाभारत सुरू झालं आणि रेकॉर्डिंगचं खातं माझ्याकडे आलं.

तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाची वायर टीव्हीला नाही, आधी व्हीसीआरला लावायची. तिथून दुसरी वायर टीव्हीला. व्हीसीआरचा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, स्वतंत्र असतो, त्यामुळे टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होतं. शेजारच्या काकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ते येऊन टीव्ही लावायचे आणि मग समोर बसायचेच. रेक आणि प्ले एकदम दाबायचं, लगेच पॉज करायचं, आणि जाहिरातींची रांग संपून हरीश भिमाणींचा ‘समय’ बोलू लागला की पॉज सोडायचा. पॉज पाचेक मिनिटांहून जास्त राहिला तर टेप एकाच जागी घासू नये म्हणून मशीन आपोआप थांबायचं. असे दोन भाग माझ्या हातून गेले. आईने काही म्हटलं नाही, पण शेजारच्या काकूंकडून पूर्ण कथा ऐकून आली आणि ती मला दोनदा सांगितली.

टायमरही होता. पण वीज गेली की घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं आणि लावलेला टायमर पुसला जायचा. त्यामुळे माणूस बसवणंच खात्रीचं. पावसाळ्यात वेगळाच त्रास. टेप ज्याला गुंडाळून जाते त्या आतल्या ड्रमवर दमट हवेचं पाणी धरलं की ‘ड्यू’चा दिवा लागायचा आणि मशीन हलायचंच नाही. टेप ओल्या ड्रमला चिकटू नये म्हणून तशी सोयच असते. आम्ही समोर टेबलफॅन लावून वाट बघायचो.

ई-१८० कॅसेटवर तीन तास मावतात. कॅसेट महाग, म्हणून महाभारताला एकच, तीही पूर्ण नाही. सुरुवातीचा पाऊण तास आईचा. पुढे चित्रहार, क्रिकेट, बाबांना हवं ते. रविवारी संध्याकाळी आई भाग बघायची, पुढच्या रविवारी त्यावरच पुढचा भाग. लेबलावर पेन्सिलीने लिहून खोडून कागद भोकं पडेपर्यंत झिजला होता. ९४ भागांपैकी उरला तो फक्त शेवटचा, २४ जून १९९० चा. त्या रात्री आईने कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी हेअरपिनने मोडून टाकली. ती मोडली की मशीन त्यावर रेकॉर्ड करत नाही. (भोकावर सेलोटेप लावली की पुन्हा होतं, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.)

आता तुमच्या कॅसेट. मशीनमध्ये थेट घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा. असेल तर ती मशीनचं हेडही, म्हणजे ड्रमवरचा टेप वाचणारा नाजूक भाग, खराब करेल, जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग लावा. चित्रात खरखर आली तर हेड शॅमॉय (मऊ कातडं) आणि स्पिरिटने, ड्रम हाताने फिरवत आडवंच पुसायचं. उभं पुसलंत तर हेड तुटतं, आणि नवं मिळणं कठीण आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. चित्र दिसलं की यूएसबी कॅप्चर कार्ड लावून कॉम्प्युटरवर घ्या. कॅसेट जितका वेळ चालते तितकाच वेळ लागतो, घाई चालत नाही.

मी मागच्या वर्षी आमची ती कॅसेट अशीच उतरवली. शेवटच्या रविवारी मी मशीन बंद करायला विसरलो होतो, म्हणून भागानंतरच्या जाहिरातीही आल्या आहेत. आई सोबत बसली होती. महाभारत सुरू झालं तर म्हणाली, “हे मोबाईलवर आहे रे, पुढे घे.” पुढे निरमाची जाहिरात लागली, ती तिने तीनदा लावायला लावली.