म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?

दीर्घकाळच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी समुपदेशनाचा सल्ला दिला की अनेकांना तो अपमान वाटतो. कर्वेनगरहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका शिक्षिकेने खुर्चीत बसण्याआधीच विचारले, "म्हणजे माझं दुखणं खोटं आहे, असंच ना मॅडम?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेतली मुले त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही तेच संबोधन ठेवले.

काही वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरल्यावर बाईंना थोड्या दिवसांसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी देण्यात आली होती. मुका मार बरा झाला, पण कंबर दुखत राहिली आणि जुन्याच चिठ्ठीवर गोळीही मिळत राहिली. रात्रीच्या एका गोळीच्या पुढे तीन झाल्या. एखादी वेळ चुकली की अंग मोडून येई, घाम सुटे, झोप उडे आणि कंबर अधिकच ठणके. त्यामुळे गोळीच आपल्याला उभी ठेवते आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषध आहे आणि २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. ते ऐकून त्यांना रडू आले. डॉक्टरांनी दिलेले औषध घेणाऱ्या माणसाचे शरीर त्या औषधाला सरावते, यात चारित्र्याचा दोष नसतो, हे मला त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: दुखणे खरेच होते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, परंतु मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनशीलता वाढलेलीच राहते. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीही झोंबते. बाईंच्या बाबतीत बोट केव्हाच बरे झाले होते, झोंबणे मात्र मागे राहिले होते. झोप, भीती, घरातला ताण आणि हालचाल यांचा या यंत्रणेवर प्रत्यक्ष परिणाम होतो, म्हणूनच समुपदेशन हा उपचाराचा भाग ठरतो. अफूवर्गीय औषधे दीर्घकाळ घेतल्यास ती कमी पडू लागतात, आणि काहींमध्ये वेदनेची संवेदना उलट तीव्र करतात. अमेरिकेत कंबर, खुबा किंवा गुडघा सतत दुखणाऱ्या २४० रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर अशी औषधे घेणाऱ्यांची दैनंदिन कामे इतर वेदनाशामके घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुकर झालेली नव्हती, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले.

बाईंच्या भीतीचे मूळ एमआरआयच्या अहवालात होते. "गादी बाहेर आली आहे" हे वाचल्यापासून त्यांनी वाकणेच सोडले होते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांपैकीही सुमारे ६० टक्के लोकांच्या तपासणीत मणक्यांमधल्या गादीचा असा फुगवटा आढळतो, हे फिजिओथेरपिस्टने समजावले, तेव्हा त्या प्रथमच जमिनीवरची पिशवी उचलायला तयार झाल्या.

गोळ्या कमी करण्याचे वेळापत्रक अर्थातच डॉक्टरांचे होते. वर्षाहून अधिक काळ घेतलेले औषध महिन्याला साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवतात. ते एकाएकी थांबवणे त्रासदायक आणि कधी धोक्याचेही असते. ट्रॅमाडॉलमुळे झटके (फिट) येऊ शकतात आणि नैराश्यावरील काही औषधांबरोबर तो धोका वाढतो, म्हणून बाईंची इतर औषधेही तपासली गेली.

आमचे काम मुख्यतः दिवसाच्या आखणीचे होते. बरे वाटले की बाई एका रविवारी सगळे घर धुऊन काढत आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात घालवत. त्याऐवजी त्यांनी घड्याळ लावून, बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा अधिक नाही आणि वाईट दिवशीही शक्यतो कमी नाही, असे सोसायटीच्या आवारात चालायला सुरुवात केली. यजमान प्रेमापोटी तासातासाला "दुखतंय का?" असे विचारत आणि हातातले काम काढून घेत, त्याऐवजी "आज शाळेत काय झालं?" असे विचारायचे त्यांनी कबूल केले. मला हा बदल कोणत्याही व्यायामाइतका मोलाचा वाटतो. नवरात्रात दुखणे पुन्हा उसळले. तेव्हा गोळी न वाढवता दोन दिवस चालणे निम्मे करायचे आणि मग मूळ वेळेवर परतायचे, हे आधीच लिहून ठेवलेले होते.

वर्षभराहून अधिक काळाने ट्रॅमाडॉल पूर्ण थांबले. कंबर आजही दुखते, परंतु बाई पर्वती चढतात, मध्ये दोनदा बसून.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "उद्या ऑपरेशन झालं तर ही औषधं घ्यायचीच नाहीत का?" तसे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेत ती मोजक्या दिवसांसाठी लागू शकतात. मात्र हा पूर्वेतिहास शल्यविशारदांना आधीच सांगावा आणि औषध कधी थांबवायचे हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिन आवश्यक ठरते, आणि सवय लागेल या भीतीने घरच्यांनी ते रोखून धरू नये.