वाचकांचे प्रश्न : उंदराचं लिव्हर, कुत्र्याचं लिव्हर आणि आपलं

प्रश्न : माझी मुलगी एम.फार्म करते. ती म्हणते कॅन्सरचं नवीन औषध माणसाला द्यायच्या आधीच आपलं लिव्हर त्याचं काय करणार याचा अंदाज कंपनीला काढावा लागतो. पण उंदीर आणि कुत्र्यावर बघून माणसाचं कसं कळतं? आणि अंदाज चुकला तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कळतं, पण पूर्ण नाही, आणि चुकला तर काय होतं याचं एक खरं उदाहरण आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय समजायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

एसजीएक्स-५२३ नावाचं एक औषध होतं, अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका कंपनीने बनवलेलं. काही कॅन्सरमध्ये मेट नावाचं प्रोटीन पेशीला सारखं वाढ वाढ म्हणून सांगत राहतं, ते बंद करायचं हे या औषधाचं काम. कागदावर औषध फार सुंदर होतं, मेटला धरायचं आणि त्याच्यासारख्याच बाकीच्या दोनशेच्या वर प्रोटीन्सना जवळपास हात लावायचं नाही. उंदीरवर्गातले प्राणी आणि कुत्रे यांच्यावरच्या टेस्ट झाल्या आणि २००८ च्या सुरुवातीला पेशंटना द्यायला सुरुवात झाली. ज्यांना दिवसाला ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस गेला त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढायला लागलं, किडनी काम करेना. ट्रायल थांबवावी लागली आणि ते औषध तिथेच संपलं. आधीच कॅन्सरने थकलेली, शेवटची आशा म्हणून ट्रायलमध्ये आलेली माणसं असतात हो ही, म्हणून मला हे प्रकरण नुसतं केमिस्ट्रीचं वाटत नाही.

झालं काय होतं? लिव्हरमध्ये औषधं तोडणारी जी एन्झाइम्स असतात त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सायटोक्रोम पी-४५० वाली, मुलीला विचारा, ती झोपेतसुद्धा सांगेल. पण इथे काम केलं ते दुसऱ्याच एकाने, त्याचं नाव अल्डिहाइड ऑक्सिडेज. याने औषधाच्या क्विनोलिन नावाच्या रिंगवर, म्हणजे अणूंच्या कड्यावर, एक ऑक्सिजन चिकटवला, बस एवढंच. पण त्या एका ऑक्सिजनमुळे जो पदार्थ तयार झाला तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि तो किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये स्फटिक होऊन अडकला असणार असा निष्कर्ष नंतर निघाला. आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे : कुत्र्याच्या लिव्हरमध्ये हे एन्झाइम काम करतच नाही, उंदरांमध्ये ते जातीप्रमाणे कमीजास्त असतं, आणि माकडात माणसासारखं भरपूर असतं. नंतर लॅबमध्ये वेगवेगळ्या प्राण्यांची लिव्हर तपासली तेव्हा तो पदार्थ माणूस आणि माकड यांच्यात ठळक दिसला. म्हणजे कुत्र्यांवर औषध सेफ दिसलं ते खोटं नव्हतं, कुत्र्यांसाठी ते खरंच सेफ होतं.

मग माणसाचं लिव्हर आधी का नाही वापरत? वापरतात, आणि आता तर जास्तच वापरतात. ट्रान्सप्लांटला न चालणाऱ्या दान केलेल्या लिव्हरमधून पेशी काढून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. प्रयोगाच्या दिवशी ती छोटी कुपी ३७ डिग्रीच्या पाण्यात धरायची, आत बर्फाचा बारीकसा खडा उरला की लगेच काढून पेशी कोमट द्रवात सोडायच्या, किती जिवंत आहेत ते मोजायचं, मग त्यात अगदी थोडं औषध टाकायचं आणि ठराविक वेळाने थेंब थेंब काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) बघायचं की मूळ औषध किती उरलं आणि नवीन काय आलं. मूळ औषधापेक्षा १६ ने, म्हणजे एका ऑक्सिजन अणूच्या वजनाइतकं, जड असं काही दिसलं की समजायचं ऑक्सिजन लागलाय.

गोम कुठे आहे तर पुष्कळ ठिकाणी स्वस्त आणि सोपं म्हणून अख्ख्या पेशीऐवजी मायक्रोसोम वापरतात. पेशी फोडून खूप जोरात फिरवल्या की तळाशी पडद्याचे बारीक कण बसतात ते मायक्रोसोम, पी-४५० त्यात असतं. वरचं पाणी टाकून देतात, आणि अल्डिहाइड ऑक्सिडेज नेमकं त्या वरच्या पाण्यात असतं! म्हणून अशी रिंग असलेलं औषध नुसत्या मायक्रोसोमवर तपासलं तर रिपोर्ट एकदम छान येतो, आणि तो रिपोर्ट अर्धाच असतो. त्यात केमिस्ट लोक पी-४५० पासून औषध वाचावं म्हणून रिंगमध्ये मुद्दाम नायट्रोजन घालतात, आणि त्या नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन हीच अल्डिहाइड ऑक्सिडेजची आवडती जागा, म्हणजे एका दारातून वाचवायला जावं तर दुसरं दार सताड उघडं. मुलीला एवढं जरूर सांगा की रिपोर्ट वाचताना आधी बघ कशावर टेस्ट केलीय.

आणि हे एकदाच झालं नाही, दुसऱ्या एका कंपनीचं मेटवरचंच औषध पुढे अशाच न विरघळणाऱ्या पदार्थांमुळे किडनीवर अडलं. पण मेटचा नाद कोणी सोडला नाही. मेटवरच्याच कॅपमॅटिनिब नावाच्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, आणि गंमत म्हणजे त्यालाही अल्डिहाइड ऑक्सिडेज तोडतंच. एन्झाइम लागलं म्हणजे औषध वाईट असं नाही, त्यातून काय तयार होतं आणि किती, ते आधी माहीत पाहिजे.

प्रश्न : आता हे सगळं एआय करेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थोडं करतंच आहे. रेणूवर एन्झाइम कुठे हल्ला करेल, हे पी-४५० च्या बाबतीत प्रोग्राम बऱ्यापैकी बरोबर सांगतात, पहिल्या दोन-तीन अंदाजांमध्ये खरी जागा पुष्कळदा असते. किती वेगाने आणि किती प्रमाणात होईल हे मात्र अजून नीट जमत नाही, आणि डोस ठरवायला तेच लागतं. शिकायला डेटा लागतो आणि त्यातला बराचसा कंपन्यांच्या कपाटात बंद आहे, विशेषतः फेल झालेल्या औषधांचा, तो बाहेर यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बाकी भारतातही २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशी, ऑर्गन-चिप (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल), कॉम्प्युटर मॉडेल अशा पद्धतींना जागा मिळाली आहे, हे चांगलंच झालं.

प्रश्न : आईला आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या सुरू होणार आहेत. तिची एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) एकदम नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर औषध नीट पचवेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, हा गैरसमज खूप जणांचा असतो. त्यातलं एसजीपीटी, एसजीओटी वाढलं तर लिव्हरच्या पेशींना इजा होतेय हे कळतं, पण एखादं ठराविक एन्झाइम तुमच्या आईमध्ये किती आहे हे एलएफटीत दिसत नाही. कॅपेसिटॅबिनपासून शरीरात ५-एफयू हे कॅन्सरवर प्रत्यक्ष काम करणारं औषध तयार होतं, आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त मोडून टाकायचं काम डीपीडी नावाच्या एन्झाइमचं, मुख्यतः लिव्हरमध्ये. काही लोकांमध्ये ते जन्मतःच कमी असतं, त्यांना एरवी कसलाच त्रास नसतो, एलएफटीही नॉर्मल, आणि नेहमीचाच डोस जीवावर बेततो. युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून सांगितलंय की उपचाराआधी डीपीडी तपासून घ्या. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा की ही टेस्ट करायची का, विचारण्यात काही गैर नाही.

दुसरं, १९९३ मध्ये जपानमध्ये सोरिव्हुडिन नावाचं नागिणीवरचं औषध बाजारात आलं. ५-एफयू प्रकारची औषधं चालू असलेल्यांनी ते घेतलं आणि पंधरा पेशंट दगावले, कारण त्यापासून पोटातल्या जंतूंनी बनवलेला पदार्थ हेच डीपीडी बंद पाडत होता. म्हणून आईची बाकीची सगळी औषधं, काढे, चूर्णं, शेजारच्यांनी आणून दिलेलं काहीही, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. आणि पहिल्या काही दिवसांतच तोंडात खूप फोड आले, जुलाब थांबेनात किंवा ताप आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, पुढची गोळी घ्यायच्या आधी त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा.