नानांसाठी टीव्हीवरचे पिक्चर, आणि सुरुवात ट्रकवाल्यापासून

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अमळनेरला घरी पडून आहेत, एका जागी दीड तासाच्या वर बसवत नाही, मालिकांना वैतागलेत, दहा-दहा भागांच्या वेबसिरीज नको म्हणतात. आणि तुम्ही विचारताय की टीव्हीसाठीच म्हणून बनवलेले पिक्चर चांगले असतात का सगळा स्वस्तातला माल. तर भो, स्वस्तातला माल असतोच, पण त्यात काही असे आहेत की थेटरातले शंभर कोटीवाले त्यांच्यापुढे पाणी भरतील. मी भुसावळला बरीच वर्षं कॅसेटची लायब्ररी चालवली, व्हीसीआर भाड्यानं द्यायचो, लोक अमिताभ-मिथुन नेऊन राहिले होते आणि मी दुकानात बसून हे असले पिक्चर पाहायचो, म्हणून धंदाही तसाच चालला. असो.

आधी एक गोष्ट. टीव्हीचा पिक्चर म्हणजे थेटरातल्या पिक्चरचा गरीब भाऊ असं आपल्याला वाटतं, पण त्याची गरिबीच कामाला येते. पैसा कमी, शूटिंगचे दिवस कमी, पडदा म्हणजे तेव्हाचा वीस-एकवीस इंची डबा, आणि पाहणारा घरात बसलेला, मधेच दूधवाला येणार, कुकरची शिट्टी होणार, लाईट जाणार. तिथे हजार घोडे पळवून उपयोग नाही, डब्यात ते मुंग्यांसारखे दिसतात. मग ज्याला अक्कल आहे तो डायरेक्टर काय करतो, दोन-चार माणसं घेतो, एक खोली नाहीतर एक रस्ता घेतो आणि चेहऱ्याच्या जवळ जाऊन बसतो. ज्यांना हे कळलं त्यांचेच पिक्चर टिकले.

नानांना पहिला लावायचा तो 'ड्यूएल'. १९७१ चा, अमेरिकेत एबीसी चॅनलला दर आठवड्याला एक टीव्हीचा पिक्चर दाखवायचे त्यातला. जाहिराती धरून दीड तासाची जागा, म्हणून पिक्चर फक्त ७४ मिनिटांचा, नानांच्या गुडघ्याला एकदम बरोबर. डायरेक्टर स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा २४ वर्षांचा पोरगा, 'जॉज' वगैरे सगळं पुढचं. गोष्ट काय तर एक साधा नोकरदार माणूस लाल गाडी घेऊन कामाला निघालाय, रस्त्यात एक जुनाट, तेलकट, गंजलेला टँकर त्याच्यापुढे रखडतोय, हा ओव्हरटेक करतो, आणि तिथून तो टँकर त्याच्या मागे लागतो. बस. का मागे लागला, कोण आहे, शेवटपर्यंत सांगत नाहीत. ट्रकवाल्याचं तोंड दाखवतच नाहीत, खिडकीतून आलेला हात दिसतो, बूट दिसतात. ट्रकच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या नंबरप्लेटा लावलेल्या आहेत, ते नानांना दाखवा, बघा काय म्हणतात. जेमतेम दोन आठवड्यांत शूटिंग उरकलं होतं हे पाहताना खरं वाटत नाही.

इंग्रजीची अडचण नाही, बोलणंच कमी आहे. ज्यानं पळासनेरचा घाट रात्री उतरवलाय, धुळ्याहून सुरतेच्या रस्त्यावर मागून डिप्पर मारणारा ट्रक आरशात पाहिलाय, त्याला सबटायटल कशाला लागतात. आमच्याकडे एक कापसाच्या गाड्या चालवणारा ड्रायव्हर यायचा, त्याला एकदा दाखवला तर अर्ध्यात उठून उभा राहिला आणि टीव्हीलाच सांगायला लागला, गियर टाक रे भो, चढावर गियर टाक! फक्त एक ध्यानात ठेवा, याच्या दोन लांबी मिळतात. टीव्हीवर गाजल्यावर परदेशात थेटरात लावायला म्हणून त्याच्यात नवे सीन घातले, शाळेच्या बसचा, रेल्वे फाटकाचा, बायकोला फोन करतो तो, आणि तो झाला ९० मिनिटांचा. फाटकाचा सीन भारी आहे, पण फोनचा नसता तरी चाललं असतं. मिळाला तर ७४ वाला पाहा, नाही मिळाला तर दुसरा, त्यात काही बिघडत नाही.

आता आपल्याकडचं. लोक म्हणतात दूरदर्शन म्हणजे 'रामायण' आणि 'कृषिदर्शन', पण याच दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये 'सद्गती' केला. प्रेमचंदांची कथा, पाऊण-एक तासाचा ऐवज. ओम पुरी, स्मिता पाटील, आणि पंडिताच्या कामात आपले मोहन आगाशे. दुखी नावाचा चांभार पोरीच्या साखरपुड्याचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो, नुकताच तापातून उठलाय, पोटात काही नाही, आणि पंडित म्हणतो आलाच आहेस तर अंगण झाड, भुसा टाक, ते लाकूड फोड. ते लाकूड काही फुटत नाही. पुढचं सांगत नाही. रायांनी कुठे आवाज चढवलेला नाही, पंडित राक्षस दाखवलेला नाही, जेवून वामकुक्षी करणारा साधा माणूस आहे, आणि त्यानंच अंगावर काटा येतो. स्मिता पाटील म्हणजे आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, हे नानांना सांगायची गरज नाही, त्या पिढीला माहीत आहे. टीव्हीवर तिची सुरुवातही मुंबई दूरदर्शनला बातम्या देण्यातूनच झाली. शेवटाकडे पावसात तिचं एक रडणं आहे, बाकी काही नाही पाहिलं तरी तेवढं पाहा. पण संध्याकाळी लावू नका, जेवण जात नाही.

'तमस' नानांनी पाहिलेला असणार. १९८८ ला गोविंद निहलानींनी केलेला, भीष्म साहनींच्या कादंबरीवरून, फाळणीच्या आधीच्या दंगली. दूरदर्शनवर तो भागाभागात दाखवला पण आहे तो एक लांबलचक पिक्चरच, चार-पाच तासांचा. आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता, ओसरीत पोरं, आत बायका, खिडकीला माणसं, आणि एरवी जाहिरातींवर पण टाळ्या वाजवणारी ती गर्दी एकदम गप बसलेली मला आठवते. त्याच्यावर बंदी आणा म्हणून लोक कोर्टात गेले होते, मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी तो सगळा स्वतः पाहिला आणि दाखवू द्या म्हणाले, मग सुप्रीम कोर्टातही तेच झालं. त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, सुरेखा सिक्रींना अभिनयाचा, वनराज भाटियांना संगीताचा. यातही ओम पुरी चांभारच, नत्थू. त्याला फसवून एक डुक्कर मारायला लावतात आणि तिथून गाव पेटतं. आणि म्हातारा सरदार हरनामसिंग आहे ना, बायकोला घेऊन घर सोडून निघालेला, ते स्वतः भीष्म साहनी आहेत, त्यांची बायको झालेल्या दीना पाठक. हे कळल्यावर मी तो भाग परत पाहिला होता. एकदम पाहू नका, रोज तासभर, नानांना तीही सवय आहे, तेव्हा आठवडाभर वाट पाहायचोच की.

महेश भट्टचा 'डॅडी' पण दूरदर्शनसाठीच होता, १९८९ चा. पूजा भट्टचा पहिला पिक्चर, अनुपम खेर दारुड्या बापाच्या कामात, त्यांचा त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवही झाला. काही ठिकाणी फार रडका आहे, आणि गाणं एकदा ऐकलं की दोन दिवस डोक्यातून जात नाही. पण ज्या घरात बाटलीनं कुणी गेलंय त्या घरात तो वेगळाच लागतो. आमच्या घरात लागला. यावर जास्त लिहीत नाही.

मराठीत विचाराल तर मी एकच नाव ठामपणे सांगेन, विजयाबाई मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर केलेली टेलिफिल्म. लक्ष्मीबाई झाल्यात सुहास जोशी. नवरा रेव्हरंड टिळक, विक्षिप्त, कवी, धर्म बदलून मोकळा झालेला, आणि ही सोवळ्यातली बाई त्याच्या मागे फरफटत जाते आणि फरफटता फरफटता त्याच्यापेक्षा मोठी होते. आणि आपल्या खानदेशातल्या लोकांनी तर ते पुस्तक पण वाचायलाच पाहिजे, कारण धरणगावचे त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले, त्यात ते आहेत. जळगावला १९०७ च्या कविसंमेलनात ज्यांना बालकवी नाव पडलं ते, आणि १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले ते. मी अजून पॅसेंजरनं भादलीवरून गेलो की खिडकीतून बघतो, दिसत काहीच नाही. विषय भरकटला, माफ करा.

आता तुमच्यासाठी, कारण नाना झोपल्यावर तुम्हालाही काहीतरी लागेल. 'कॉन्स्पिरसी', २००१, एचबीओ हे अमेरिकेतलं चॅनल आणि बीबीसी यांचा. २० जानेवारी १९४२, बर्लिनच्या कडेला तलावाकाठचा बंगला, पंधरा नाझी साहेब लोक एका टेबलाभोवती बसलेत, जेवण आहे, वाईन आहे, आणि दीड तासात ठरतं की युरोपातले सगळे ज्यू कसे संपवायचे. केनेथ ब्रॅना आहे, स्टॅन्ले टुची आहे. एक गोळी सुटत नाही. मीटिंगचे जे टिपण तयार झालं त्याची एकच प्रत नंतर सापडली, त्यावरून हे लिहिलंय. ज्यानं कुठल्याही ऑफिसात 'विषय क्रमांक अमुक, सर्वानुमते मंजूर' असली मीटिंग केलीय त्याला हा जास्त छळतो, कारण मारणं हा शब्द बराच वेळ कुणी तोंडातून काढायला तयार नसतं, प्रत्येक जण दुसरा गुळगुळीत शब्द शोधतो. नानांना नको, सगळं बोलणंच बोलणं आहे.

नानांबरोबर बसून पाहायचा तर 'समथिंग द लॉर्ड मेड', २००४. ऑपरेशनवरून आठवलं. व्हिव्हियन थॉमस नावाचा काळा माणूस, सुतारकाम करणारा, एका मोठ्या डॉक्टरच्या लॅबमध्ये लागतो आणि जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनची रीत कुत्र्यांवर करून करून बसवतो. १९४४ ला पहिल्या बाळाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर ब्लॅलॉक कापत होते आणि हा मागे स्टुलावर उभा राहून सांगत होता. नाव मात्र डॉक्टरचं. ॲलन रिकमन डॉक्टर झालाय, मॉस डेफ थॉमस. ज्या मेकॅनिकनं गाडी उभी केली त्याचं नाव कुणी घेत नाही आणि फीत साहेब कापतो, असं एका वाक्यात नानांना सांगा, बाकी ते समजून घेतील.

त्याच्याच जोडीला 'टेम्पल ग्रँडिन', २०१०, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेली पोरगी गुरांच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या नजरेनं बघायला शिकते, गुरं कशाला बिचकतात हे शोधून काढते. घरी बैल पाळलेला माणूस पहिल्या वीस मिनिटांत तिच्या बाजूनं होतो. गंमत म्हणजे याचा डायरेक्टर मिक जॅक्सन, आणि याच माणसानं १९८४ ला बीबीसीसाठी 'थ्रेड्स' केला होता, शेफील्ड गावावर अणुबॉम्ब पडतो तो. तो इतका भयाण आहे की मी एकदाच पाहिला आणि कुणाला कॅसेट दिली नाही. नानांना चुकूनही लावू नका, ऑपरेशन झालेल्या माणसाला तर नाहीच.

पोलंडच्या टीव्हीसाठी तिथल्याच किस्लोव्स्की या डायरेक्टरनं केलेला 'डेकालॉग' पण आहे, ८० च्या दशकाच्या शेवटचा, तासातासाचे दहा पिक्चर, सगळी माणसं वॉर्साच्या एकाच कॉलनीत राहणारी. लोक पहिल्यापासून सुरू करतात आणि पहिल्याच्या दुःखानं बंद करतात. तुम्ही दहाव्यापासून करा, दोन भावांना मेलेल्या बापाचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह मिळतो तो, हसायला येतं. भावाभावांत वाटणीवरून काय होतं ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

जुने दूरदर्शनचे बरेचसे यूट्यूबवर शोधले तर सापडतात, प्रिंट खराब असते, आवाज खरखरतो, मोबाईलवर नका दाखवू, मुलाला सांगून टीव्हीला जोडा. इंग्रजीवाले भाड्यानं किंवा कुठल्यातरी ॲपवर मिळतात, आज इथे उद्या तिथे, त्यामुळे नाव टाकून शोधलेलं बरं. आणि दुपारी लाईट जाते त्या वेळा टाळून लावा, 'ड्यूएल' मधेच बंद पडला तर नाना गुडघा विसरून मीटरपाशी जातील.

ट्रकवाल्याला नाना काय काय म्हणाले ते मात्र इथे लिहा, आणि अहिराणीतलं अहिराणीतच लिहा, शुद्ध करू नका.