ताई, मी सगळंच ऐकतो, चुकतंय का काही?

प्रश्न : नमस्कार ताई, वय २६, नागपूरला मिहानमध्ये जॉब करतो. माझा प्रॉब्लेम वाचून हसू नका. मला सगळ्याच टाईपची गाणी आवडतात म्हणजे सकाळी बसमध्ये भीमगीतं, ऑफिसात हेवी मेटल, परतताना गझल नाहीतर कव्वाली, आणि रविवारी बाबांसोबत तुकडोजी महाराजांची भजनं. मित्र म्हणतात तुला काही चॉईसच नाही बे, जे लागलं ते ऐकतो. वहिनी क्लासिकल शिकतात, त्या म्हणतात एक काहीतरी धरा भाऊजी, नाहीतर कानाला वळण लागत नाही. खरंच असं असतं का? आणि ऑफिसात दिवसभर हेडफोन असतो, त्यानं काही होतं का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हसतं कोण बाप्पा, मला तर तुझा हेवा वाटला.

सिव्हिल लाईन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह तुला माहीत असेलच. ज्यांच्या नावाचं ते आहे त्यांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, पण बालपण नागपुरात गेलं आणि गाणंही इथेच शंकरराव सप्रेंकडे सुरू झालं. पुढे वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून जे मिळालं ते घेतलं, तबलाही वाजवला, ख्याल गायले, ठुमरी गायली, नाट्यगीतं गायली आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब झाले. त्यांना कोणी जाऊन सांगितलं असतं का, की बुवा एक काहीतरी धरा? आणि तुझ्या बसमधल्या प्लेलिस्टीत प्रल्हाद शिंदे असतीलच ना, त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली, भीमगीतं गायली, कव्वालीही गायली, तीही त्याच खड्या आवाजात. गाणाऱ्याला चालतं तर ऐकणाऱ्यानंच काय घोडं मारलंय?

तरी वहिनींचं अर्धं पटतं मला. वळण लागतं, पण ते एकच प्रकार धरून नाही, नीट ऐकून लागतं. एक करून बघ. बसमध्ये बोटांवर मात्रा, म्हणजे तालाचे ठोके मोज. खंजिरीवरचं भजन लाव, बहुतेक वेळा आठ मात्रांत बसेल. मग कव्वाली लाव, टाळ्यांकडे लक्ष दे, तिथेही बरेचदा आठच मात्रांचा केरवा ताल निघतो. मग तुझं ते मेटल, त्यातही पुष्कळदा चार-चार मोजता येतील, फक्त गिटारच्या गोंगाटात शोधावे लागतील. आता एखादी रूपक तालातली गझल घे, सात मात्रा, आणि गंमत म्हणजे सम, म्हणजे तालाची पहिली मात्राच ‘खाली’वर येते, म्हणजे जिथे टाळी द्यावीशी वाटते तिथे हात रिकामा जातो, पहिल्यांदा बोटं हमखास अडखळतात. हे असं चार प्रकारांत मोजायला लागलास की मित्रांना काय सांगायचं ते आपोआप सुचेल. (नाही सुचलं तर सोड, चहाच्या टपरीवर कोण कोणाचं ऐकतं.)

माझी तक्रार तुझ्या आवडीवर नाहीच, तुझ्या अंगठ्यावर आहे. पत्रात लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे, अर्धं मिनिट ऐकलं की पुढचं गाणं. आता कव्वाली घे, ती सुरुवातीला रेंगाळते, एखादा शेर, मग एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगळ्या अंगानं, साथीदार तीच उचलून धरतात, लय हळूहळू चढत जाते, आणि खरा रंग येतो तोवर तू केव्हाच पुढच्या गाण्यावर गेलेला असतोस. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाचंही तेच. म्हणून ताजुद्दीन बाबांच्या ऊरूसात ताजबागला जाऊन एक आख्खी कव्वाली बसून ऐक, फोन खिशात ठेवून. वहिनींनाही घेऊन जा, त्यांच्याकडून दोन गोष्टी तुला कळतील आणि दोन त्यांनाही.

भीमगीतांसाठी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जात असशीलच, १९५६ पासूनची ती जागा आहे, तुला काय सांगायचं.

हेडफोनचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, एवढीच मर्यादा सांगते. तुझी तर ऑफिसातच संपत असेल ती. मेटलचा आवाज कमी कर, मधेमधे हेडफोन काढून ठेव, आणि कानात शिटी वाजल्यासारखं होऊन ते थांबत नसेल तर सरळ कानाच्या डॉक्टरला दाखव.